पोटातला राग, आवृत्ती चौथी

दातात किडा असतो, तो शेपटीवर उभा राहून दात आतून कोरतो आणि धुरी दिली की टपकन खाली पडतो, ही माहिती आत्याने नेमकी भाचीने पहिला घास तोंडात घातला तेव्हा दिली.

“आत्या, जेवतेय मी.”

“जेव की. मी कुठे म्हणतेय किडा असतो? हजारो वर्षं मोठमोठे वैद्य म्हणत होते. धुरीच्या भांड्यात बियांची टरफलं पडायची, ती दाखवून ‘हे बघा किडे’ म्हणायचे आणि ताठ मानेने घरी जायचे.”

“आणि पेशंट?”

“त्याचा दात दुखतच राहायचा. पण किडा बघितल्याचं समाधान मिळायचं ना!”

समोर वहिनी दुधाचा पेला घेऊन बसली होती. तिने पेला खाली ठेवला, पोटावर हात ठेवला आणि छताकडे बघितलं. दादाने लगेच बहिणीकडे, म्हणजे आत्याकडे, बघितलं. आत्या गप्प झाली.

वहिनीने छताकडे बघितलं की आत्याने गप्प व्हायचं, हा या घराचा अकरा वर्षांचा नियम होता. तो कसा पडला ते सांगायचंच आहे, पण आधी आत्या.

तिला सगळेच आत्या म्हणत. भाचीचं ठीक, पण गल्लीतला पाववाला, कॉलेजातले शिपाई, पांढऱ्या केसांचे प्रोफेसरसुद्धा आत्याच म्हणत. वय बावन्न. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारायची कोणाची टाप नव्हती. अंगाने काडी, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, आणि उजव्या अंगठ्याला कायम जांभळी शाई. ही शाई हीच तिची नोकरी. वैद्यकीय कॉलेजच्या ग्रंथालयात ती जुनी पुस्तकं मारायची.

म्हणजे असं की, पुस्तकाची नवी आवृत्ती आली की जुनी आत्याच्या टेबलावर यायची. आत्याने पहिल्या पानावर, एक्कावन्नाव्या पानावर आणि शेवटच्या पानावर ‘रद्द’ असा शिक्का मारायचा. तीन शिक्के बसले की पुस्तक मेलं. मग जिन्याखालच्या खोलीत, आणि तिथून कागदाच्या कारखान्यात लगदा व्हायला. काम चार तासांचं. आत्याला मात्र ते सव्वीस वर्षं पुरून उरलं होतं, कारण तिने स्वतःला एक नियम घालून घेतला होता. वाचल्याशिवाय शिक्का मारायचा नाही.

“आत्याबाई, पुस्तक मारायला वाचावं कशाला लागतं?” ग्रंथपालबाई दर महिन्याला विचारायच्या.

“जाणाऱ्याचं म्हणणं तरी ऐकून घ्यावं, बाई.”

“अहो, पण ढीग बघा! टेबलाखाली पाय जात नाहीत तुमचे.”

“पाय बाहेर ठेवते.”

आत्या शाळेपुरती शिकलेली. सुरुवातीला एका पानाला एक दिवस लागायचा, मांडीवर शब्दकोश घेऊन बसायची. पण गोडी लागली ती लागलीच. कादंबऱ्यांत माणसं चुकतात, मग रडतात. या पुस्तकांत माणसं चुकायची आणि वर आकृती काढून दाखवायची! बुडालेल्या माणसाला शुद्धीवर आणायचं तर भात्याने तंबाखूचा धूर भरायचा, आणि तोही तोंडातून नव्हे. बाईला घाबरल्यासारखं होत असेल तर तिचं गर्भाशय जागा सोडून अंगभर हिंडतंय असं समजायचं, आणि ते खाली आणायला नाकाशी घाण वास धरायचा. डोक्यावरचे उंचवटे चाचपून माणूस चोर की साधू ते सांगायचं. बाळंतिणी मरतात त्या डॉक्टरांच्या हातांमुळे, हात धुवा, असं एकाने सांगितलं तर बाकीचे चिडले. सभ्य माणसाचे हात घाण कसे असतील?

“चुकले त्याचं काही नाही गं,” आत्या भाचीला म्हणायची. “चुकायचंच. देवाने माणूस घडवला, पण सोबत माहितीपत्रक दिलं नाही. त्याचंही काही कारण असेल, आपण कोण विचारणार? पण किती थाटात चुकले बघ. एकाच्याही तोंडून ‘कदाचित’ नाही.”

तिची सगळ्यात लाडकी गोष्ट होती तलवारीच्या मलमाची. तलवारीचा घाव लागला की मलम लावायचं, पण जखमेला नाही, तलवारीला! तलवार पुसून, मलम चोपडून, गुंडाळून ठेवायची. जखम नुसती धुवायची. आणि गंमत म्हणजे माणसं बरी व्हायची, कारण त्या काळची मलमं अशी भयंकर होती की जी जखमेला लागली नाहीत तीच चांगली. ही गोष्ट सांगताना आत्याला दर वेळी इतकं हसू यायचं की शेवट भाचीलाच सांगावा लागायचा.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायची. आत्याने सव्वीस वर्षांत नवीन पुस्तक एकदाही उघडलं नव्हतं. “ती वाचायला डॉक्टर आहेत की,” म्हणायची. त्यामुळे औषधांच्या दुनियेतलं जे जे खोटं ठरलं ते तिला तोंडपाठ होतं, आणि जे खरं होतं त्यातलं ओ की ठो ठाऊक नव्हतं.

आता वहिनीचं पोट.

अकरा वर्षांपूर्वी वहिनीच्या पोटात जळजळ सुरू झाली. मग दुखायला लागलं, मग एकदा रक्ताची उलटी झाली. नळी घालून तपासलं, जठरात व्रण निघाला. म्हातारे डॉक्टर, म्हणजे दादाच्या लहानपणापासूनचे घरचे डॉक्टर, घरी आले. दादाचं शिलाईचं दुकान घराच्या पुढच्या खोलीत. शाळांचे गणवेश शिवायचा. त्या अर्धवट शिवलेल्या चड्ड्यांच्या ढिगाशेजारी खुर्ची टाकून डॉक्टर बसले आणि म्हणाले, “रोग पोटात नाही, रागात आहे. बाई राग गिळतात. घरात कोणाशी पटत नाही का?”

वहिनीने छताकडे बघितलं.

दादाने बहिणीकडे बघितलं.

आणि म्हाताऱ्या डॉक्टरांनी दोघांच्या नजरा बघून आत्याकडे तोंड वळवून सांगितलं, “दर दोन तासांनी दूध. तिखट बंद. आणि यांना चीड येईल असं घरात कोणी बोलायचं नाही.”

नणंद-भावजयीत तोवर रीतसर भांडणं होत. रोजची, ताजी, दुपारपर्यंत विसरून जायची. त्या दिवसापासून बंद. दादाने गजराचं घड्याळ आणलं. ते दर दोन तासांनी वाजायचं, आणि दादा मशीन थांबवून दूध गरम करायला उठायचा. वहिनीच्या कपाळाला आठी पडली की मशीन बंद, रेडिओ बंद, आत्या बंद. आत्याने आपलं अंथरूण माडीवरच्या खोलीत हलवलं, चप्पल हातात घेऊन जिना चढायला शिकली. वहिनी काही टोचून बोलली तर “बरं” म्हणायची. सकाळी देवापुढे हात जोडताना तिची एकच मागणी असे, की माझ्या जिभेने त्या बाईच्या पोटात भोक पाडलंय, ते तू बुजव. तिने कोणाला हे सांगितलं नाही. देवाला ठाऊक होतं आणि तिला.

व्रण काही बुजला नाही. बरा व्हायचा, परत यायचा. परत आला की दादा बहिणीकडे बघायचा.

तर ज्या दिवशी दातातल्या किड्यावरून आत्या गप्प झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी टेबलाखालच्या ढिगातलं तळाचं पुस्तक तिच्या हाती लागलं. पोटाच्या विकारांचं जाड पुस्तक, आवृत्ती चौथी. अनुक्रमणिकेत जठरातला व्रण दिसला, म्हणून आत्याने आधी तेच प्रकरण काढलं. दुपारच्या चहापर्यंत ती तीनशे बाराव्या पानावर आली, आणि तिथे तिला तिचं घर दिसलं.

‘रोगी बहुधा राग गिळणाऱ्या स्वभावाचा असतो. घरातील एखाद्या नातेवाइकाशी, विशेषतः सोबत राहणाऱ्या अविवाहित नातेवाइकाशी, बेबनाव आढळतो. दर दोन तासांनी दूध द्यावे. रोग्यास चीड येईल असे बोलणे घरच्यांनी टाळावे.’

चहा तसाच राहिला. आत्याला वाटलं, झालं, छापूनच आलं. अविवाहित सुद्धा! आता देवाकडे काय दाद मागायची? तिने पान दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा बोट ठेवून वाचलं, आणि सवयीने शिक्क्याकडे हात गेला.

शिक्का पुस्तकावर धरूनच ती थांबली.

रद्द. हे पुस्तक रद्द करायला तिच्याकडे आलं होतं. का आलं होतं?

सव्वीस वर्षांत पहिल्यांदा आत्या नव्या पुस्तकांच्या दालनात गेली. तिथे बसलेल्या विद्यार्थ्यांनी माना वर केल्या. “आत्या, इकडे कुठे? आमची पण पुस्तकं मारणार का?”

“तुमचं वय नाही झालं अजून,” आत्या म्हणाली आणि त्याच पुस्तकाची आठवी आवृत्ती काढून उभ्याउभ्याच उघडली. व्रणाच्या प्रकरणात जंतू होता. मळसूत्रासारखा वाकडातिकडा, शेपट्या असलेला, जठराच्या आम्लात मजेत राहणारा. बहुतेक व्रण तोच करतो. फुंकर मारून तपासणी होते, दोन आठवडे गोळ्या घेतल्या की बहुतेकांचा जातो. दुधाचं नाव नव्हतं. रागाबद्दल एकच ओळ होती, तीही बारीक टाइपात. ‘हा विकार स्वभावामुळे होतो असा पूर्वी समज होता.’

पूर्वी असा समज होता! हे शब्द आत्याने हजार वेळा वाचले होते, आणि दर वेळी खुदकन हसली होती. या वेळी तिने भिंतीला हात टेकला.

मग तिने चौथ्या आवृत्तीच्या आतल्या कप्प्यातली चिठ्ठी बघितली. पुस्तक रद्द करायला टेबलावर पाठवल्याची तारीख होती. नऊ वर्षांपूर्वीची. नऊ वर्षं ते तिच्या पायाशी पडून होतं, कारण त्याच्या आधी तिला धुराचे भाते आणि हिंडती गर्भाशयं वाचायची होती.

घरी येऊन तिने पुढच्या खोलीतच सांगून टाकलं. दादा काजं करत होता, वहिनी बटणं लावत होती.

“वहिनी, तुमच्या पोटात राग नाही. जंतू आहे.”

वहिनीने सुई थांबवली. “काय आहे?”

“जंतू. मळसूत्रासारखा. शेपट्या असतात त्याला.”

“काल दातात किडा होता,” वहिनी दादाला म्हणाली, “आज तो माझ्या पोटात घातला.”

“तो खोटा होता, हा खरा आहे.”

“हे कोणी ठरवलं?”

“आठव्या आवृत्तीने.”

“आणि नवव्या आवृत्तीत नसला तर?”

तेवढ्यात दादा म्हणाला, “अगं, मागे तू सांगितलंस डोकं चाचपून स्वभाव कळतो. मी गिऱ्हाइकांची डोकी चाचपत बसलो दोन दिवस.”

“तेव्हा तू शेवटपर्यंत ऐकलं नाहीस!”

“वन्सं,” वहिनीचा आवाज बारीक झाला, “अकरा वर्षं मी पांढरं खाल्लंय. दूध, पाव, उकडलेला बटाटा. लोकांना सांगते, मी सोसते, मनाला लावून घेते, म्हणून हे दुखणं. आता काय सांगू? पोटात किडे झालेत? घाणेरडी बाई म्हणतील मला.” आणि तिने छताकडे बघितलं.

घड्याळ वाजलं. दादा दूध तापवायला उठला.

आत्याला त्या दिवशी एक गोष्ट कळली. तिने आयुष्यभर घरात खोट्या औषधांच्या गमती सांगितल्या होत्या. आता खरं सांगायला गेली तर तीही गंमतच ठरत होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती चौथी आवृत्ती पिशवीत घालून म्हाताऱ्या डॉक्टरांच्या दवाखान्यात गेली. पेशंट कोणी नव्हता. डॉक्टर पंख्याखाली वर्तमानपत्र वाचत होते. तिने पुस्तक टेबलावर ठेवलं, तर त्यांचा चेहरा असा उजळला जसा जुना वर्गमित्र भेटावा.

“अरे! हे माझं पुस्तक! यावर तर मी परीक्षा दिली. म्हणजे याच्या पहिल्या आवृत्तीवर.” त्यांनी पान उघडून वास घेतला. आत्याने तीनशे बारावं काढून दिलं. त्यांनी न बघताच म्हणून दाखवलं, “रोगी बहुधा राग गिळणाऱ्या स्वभावाचा असतो…”

“पाठ आहे तुम्हाला.”

“पाठच. आम्हाला छड्या मारून पाठ करायला लावायचे.”

“डॉक्टर, हे रद्द झालंय.”

“कोणी केलं?”

“मी,” आत्या म्हणाली. मग घाईने, “म्हणजे ठरवतात वरचे. मी फक्त शिक्का मारते.”

तिने आठव्या आवृत्तीतल्या पानाची झेरॉक्स पुढे केली. डॉक्टरांनी चष्मा बदलून वाचली.

“मी ऐकलं होतं असं काहीतरी,” ते शेवटी म्हणाले. “म्हटलं, थेरं आहेत. आम्लात जंतू जगत नाही, असं आम्हाला शिकवलं होतं.”

“एका डॉक्टरने ते जंतू स्वतः पिऊन दाखवले. लिहिलंय खाली.”

“मग?”

“आजारी पडला. फार खूश झाला असणार.”

म्हातारे डॉक्टर हसले, पण अर्ध्यातच थांबले. “तुमच्या वहिनींना काय सांगू मी? अकरा वर्षं दूध पाजलं.”

“तेच सांगा.”

“आणि तुम्हाला?”

आत्याने पिशवीचे बंद नीट केले. उगाच सोडले, परत बांधले.

“मी त्या दिवशी तुमच्याकडे बघून बोललो होतो,” डॉक्टर म्हणाले. “आठवतंय मला. तुमच्या भावाने बघितलं, म्हणून मीही बघितलं.”

“तलवारीला मलम लावलंत, डॉक्टर,” आत्या म्हणाली. “जखम वहिनींच्या पोटात, आणि बोळा माझ्या तोंडात.” मग तिने त्यांना ती सगळी गोष्ट सांगितली, आणि या वेळी न हसता शेवटापर्यंत पोचली. डॉक्टरांनी तपासणीची चिठ्ठी लिहून दिली.

आत्याने जे सांगितलं तेच चिठ्ठीत होतं, पण डॉक्टरांच्या अक्षरात, म्हणजे कोणालाही वाचता न येणाऱ्या. त्यामुळे घरात ते लगेच खरं ठरलं.

तपासणी चुकू नये म्हणून आधी दोन आठवडे वहिनीच्या आम्ल कमी करायच्या गोळ्या बंद ठेवायच्या होत्या. ते दिवस सगळ्यांनाच जड गेले. वहिनी रात्रंदिवस पोट धरून बसायची, दादा बहिणीकडे बघायचा नाही, म्हणजे मुद्दाम बघायचा नाही, आणि ते जास्तच लागायचं. जंतू निघाला नाही तर? मग राग खरा, अविवाहित नातेवाईक खरी, आणि वर दोन आठवड्यांचा छळही तिच्याच नावावर. आत्याने त्या दिवसांत देवापुढे नुसते हात जोडले. काय मागायचं ते कळेना. बाईच्या पोटात जंतू निघू दे, असं कुठे मागतात?

तपासणीला आत्याच सोबत गेली. वहिनी औषधाचं पाणी प्यायली, मग अर्धा तास बाकावर बसायचं होतं.

“वहिनी, एक सांगायचंय. ते पुस्तक नऊ वर्षं माझ्या टेबलाखाली होतं.”

“कुठलं?”

“ज्यात तुमचा राग छापला होता ते, रद्द झालेलं. मी हळू वाचते. आधी उचललं असतं तर…”

वहिनीने समोरच्या भिंतीकडे बघितलं. छताकडे नाही. मग म्हणाली, “तुम्ही माझ्याशी भांडायचं का सोडलंत?”

“डॉक्टर म्हणाले म्हणून. तुमच्या पोटासाठी.”

“मला वाटलं, माज आलाय तुम्हाला. पुस्तकं वाचता, आम्ही काय चड्डीची बटणं लावणाऱ्या. मी एवढं बोलते आणि ही बाई नुसतं ‘बरं’ म्हणते! त्या ‘बरं’नेच जळायचं हो माझं.”

आतून हाक आली. वहिनीने पिशवीत फुंकर मारली, अशी की नर्स म्हणाली, “हळू, बाई, फुटेल.”

जंतू निघाला. आत्याने कागद वाचला आणि तिचे डोळे भरून आले, तशी खिडकीवरची बाई तिला धीर देत म्हणाली, “घाबरू नका, बरा होतो हा.” दोन आठवडे गोळ्या झाल्या. वहिनीचं तोंड लोखंड चाटल्यासारखं कडू झालं आणि तिने त्याबद्दल आठव्या आवृत्तीला यथेच्छ नावं ठेवली. दीड महिन्याने परत तपासलं. जंतू गेला होता.

त्या दिवशी कॉलेजात आत्याने चौथ्या आवृत्तीवर तीन शिक्के मारले, आणि तीनशे बाराव्या पानावर एक चौथा, दोन्ही हातांनी दाबून.

“हा कशाला?” ग्रंथपालबाईंनी विचारलं.

“हा घरचा,” आत्या म्हणाली. ते पुस्तक लगद्यात गेलं नाही. ग्रंथपालबाईंच्या परवानगीने म्हाताऱ्या डॉक्टरांनी मागून नेलं. त्यांनी ते दवाखान्यात, टेबलावर, पेशंटला नाही पण स्वतःला दिसेल असं ठेवलं.

पुढच्या रविवारी सकाळी वहिनीने गजराचं घड्याळ उचलून कपाटात ठेवलं, तिखटाचा डबा काढला आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

“वन्सं, अकरा वर्षं सांगायचं राहिलंय. तुम्ही ओला टॉवेल खुर्चीच्या पाठीवर टाकता.”

आत्याने कप खाली ठेवला. सावकाश. “आणि तुम्ही चहाचं गाळणं न धुता अडकवता.”

“मी धुते!”

“पाण्याला दाखवता.”

“नऊ वर्षं माझं पोट टेबलाखाली ठेवलंत, आणि वर माझं गाळणं काढता!”

“अकरा वर्षं छताकडे बघितलंत! काय होतं तिथे? साधं जाळंही काढलं नाहीत!”

भाची दारात आली आणि चौकटीला टेकून ऐकत उभी राहिली. पुढच्या खोलीतलं मशीन थांबलं. दादा गळ्यात टेप घेऊन धावत आला, दोन्ही हात वर करून. “अगं, पोट! तिचं पोट!”

“तुम्ही मध्ये पडू नका,” वहिनी म्हणाली.

“तू गप्प बस,” आत्या म्हणाली. “हां, वहिनी, काय म्हणत होतात?”

कपाटात घड्याळ वाजायला लागलं. ते बराच वेळ वाजलं, पण कोणाला ऐकू आलं नाही.